अपघातात घरचा माणूस गेला: नागपुरात भरपाईचा दावा कसा करायचा

घरचा कर्ता माणूस रस्त्यावर गेला की तेरवीपर्यंत कुणालाच काही सुचत नाही. आणि नेमके याच दिवसांत पोलिसांचे कागद तयार होतात, गाडीमालकाचा माणूस पाकीट घेऊन दारात येतो, ‘कोर्टकचेरी करून गेलेला माणूस परत येणार आहे का’ असं समजावणारे नातेवाईकही येतात. माणूस परत येणार नाही हे खरंच आहे. पण मुलांची फी, घरभाडं, सासूची औषधं ज्याच्या कमाईवर चालत होती, तो दुसऱ्याच्या चुकीने गेला असेल तर ती कमाई मागणं हा कुटुंबाचा हक्क आहे. ती कुणाची मेहेरबानी नाही, आणि त्यात लाजण्यासारखंही काही नाही.

मी नागपुरात विधी स्वयंसेवक म्हणून काम करते. पिशवीत कागद घेऊन आलेल्या बायकांशी बोलताना एक गोष्ट वारंवार दिसते: कायदा कुटुंबाच्या बाजूने बराच उदार आहे, तरी पैसे कमी मिळतात, कारण जे कागद पहिल्या एक-दोन महिन्यांत जमवायचे ते जमवलेले नसतात. म्हणून हा लेख मुख्यतः त्या कागदांबद्दल आहे. भर रस्ते अपघातांवर आहे, कारण सर्वांत जास्त दावे त्यांचेच असतात. रेल्वे, कारखाना आणि दवाखान्यातल्या मृत्यूंबद्दल शेवटी थोडक्यात लिहिलं आहे.

आधी हे डोक्यात पक्कं करा: केस एक नाही, दोन आहेत

पोलीस चालकावर जो गुन्हा दाखल करतात ती फौजदारी केस. १ जुलै २०२४ पासून त्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं, आधी ते भारतीय दंड संहितेचं ३०४-अ होतं. ही केस सरकार चालवतं, त्यात चालकाला शिक्षा होऊ शकते, पण घरच्यांच्या भरपाईचा हिशेब त्यात होत नाही. भरपाईचा दावा वेगळा असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली तो कुटुंबाने स्वतः करायचा असतो, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. कोर्टाच्या आवारात त्याला सगळे ‘क्लेमची केस’ म्हणतात.

चालक फौजदारी केसमध्ये सुटला म्हणून क्लेमची केस संपत नाही. तिथे निःसंशय पुरावा लागत नाही. चालकाची चूक असण्याची शक्यता जास्त आहे, एवढं दाखवलं तरी पुरतं. आणि पाकीट घेऊन आलेल्या माणसाने स्टॅम्प पेपर पुढे केला, ‘आमची काही तक्रार नाही’ असं लिहून मागितलं, तर सही करू नका. असा कागद लिहून दिला म्हणून कलम १०६ चा गुन्हा मिटत नाही, त्यात तडजोडीची सोयच नाही. उलट तोच कागद पुढे विमा कंपनीचा वकील तुमच्यासमोर धरतो.

पहिले काही दिवस: काय बघायचं, काय मागायचं

कागदपत्रांची यादी कुणीही सांगेल: एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, पीएम रिपोर्ट, गाडीचं आरसी आणि विमा, चालकाचं लायसन्स, मृत्यूचा दाखला. पण हे कागद नुसते गोळा करून भागत नाही, वाचावे लागतात.

एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते. ती हातात आली की घरातल्या शांत डोक्याच्या माणसाने तीन गोष्टी बघाव्यात. गाडीचा नंबर बरोबर आहे का? नागपूर शहराचा एमएच ३१, पूर्व नागपूरचा एमएच ४९ आणि ग्रामीणचा एमएच ४०. घाईत लिहिताना ३१ चं ४९ झालं तर नोटीस भलत्याच माणसाला जाते. दुसरं, अपघाताची वेळ आणि जागा. ‘वर्धा रोडवर’ एवढंच लिहिलंय की कोणत्या चौकाजवळ, कोणत्या बाजूला, हेही आहे? तिसरं, चूक कुणाची लिहिली आहे. अपघात डोळ्यांनी न पाहिलेल्या नातेवाइकाने तक्रार दिली असेल तर हा भाग बहुतेकदा मोघम असतो. काही चुकलं असेल तर लगेच पुरवणी जबाब द्या. वर्षभराने दिलेल्या जबाबाला फारशी किंमत राहत नाही.

पंचनाम्यातला नकाशाही बघा. टायर घासल्याच्या खुणा, गाड्या कुठे पडल्या होत्या, रस्त्याची रुंदी, दुभाजक, हे सगळं त्यात असतं. आसपासच्या दुकानात किंवा पेट्रोल पंपावर कॅमेरा असेल तर तपास अधिकाऱ्याला त्याच दिवशी लेखी अर्ज देऊन फुटेज जप्त करायला सांगा, कारण जुन्या चित्रणावर नवं चढत जातं. गाडीचा विमा चालू होता का, हे परिवहन खात्याच्या एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून बघता येतं.

जखमी माणूस काही दिवस दवाखान्यात राहून मग गेला असेल तर एक गोष्ट फार जपा. मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांत मृत्यू झाला तर शवविच्छेदन होतंच. पण सुट्टी घेऊन घरी आणलेल्या माणसाचा आठवड्या-दोन आठवड्यांनी घरीच मृत्यू झाला आणि शवविच्छेदनाशिवाय अंत्यसंस्कार झाले, तर ‘मृत्यू अपघाताच्या जखमेमुळे झालाच नाही’ असं विमा कंपनी म्हणते, आणि ते खोडून काढणं अवघड जातं. अशा वेळी कितीही जड वाटलं तरी आधी पोलिसांना कळवा.

अपघात समृद्धी महामार्गावर बुलढाण्याच्या हद्दीत झाला आणि घर नागपुरात आहे, तर? गुन्ह्याचे कागद तिकडच्या पोलीस ठाण्यातून आणावे लागतील, पण दावा नागपुरात लावता येतो. अपघात झाला ते ठिकाण, दावेदार राहतात किंवा काम करतात ते ठिकाण, किंवा समोरचा राहतो ते ठिकाण, यांपैकी कुठलंही न्यायाधिकरण निवडण्याची मुभा कायद्याने दिली आहे. घराजवळचं निवडा. नागपुरात त्यासाठी सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात यावं लागतं.

मुदत: सहा महिने

१ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत दावा दाखल करायची अट पुन्हा आली आहे. या अटीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, त्यामुळे उशीर झालेल्यांनीही आशा न सोडता वकिलाला भेटावं. पण ज्यांचे सहा महिने अजून उरले आहेत त्यांनी त्या आव्हानाच्या भरवशावर थांबू नये. वर्षश्राद्धानंतर बघू, असं म्हणणाऱ्या कुटुंबांची मला खरोखर काळजी वाटते.

पोलिसांवरही काही कामं आहेत. नव्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो. हा अहवालच दावा म्हणून धरला जाऊ शकतो. त्याची प्रत मागा. पण अहवाल गेला म्हणून निवांत बसू नका, स्वतःचा अर्ज वेगळा लावा. उत्पन्नाचे आणि अवलंबितांचे पुरावे तुमच्याइतके पोलीस गोळा करणार नाहीत.

दावा कोण करू शकतं

पत्नी किंवा पती, मुलं, आई-वडील हे तर आहेतच. अविवाहित माणूस गेला असेल तर आई-वडील, आणि त्याच्यावर अवलंबून असलेली भावंडंही. कमावते, लग्न झालेले मुलगेही वारस म्हणून दावा करू शकतात, असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलं. जावयाच्या आधाराने राहणाऱ्या सासूला २०२१ मध्ये तोच हक्क मान्य झाला. विधवेने पुन्हा लग्न केलं म्हणून तिचा दावा बुडत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यावरून घरात कुणी तिला गप्प बसवत असेल तर हे त्यांना दाखवा.

सर्वांची नावं एकाच अर्जात येऊ द्या. सून एका वकिलाकडे आणि सासरे दुसऱ्याकडे, असं झालं की पहिलं वर्ष दोन्ही अर्ज एकत्र करण्यातच जातं. वारस प्रमाणपत्रासाठी अडून राहायचं कारण नाही. रेशनकार्ड, आधार, मुलांचे जन्मदाखले यांवर काम सुरू होतं. समोर तिघे असतात: चालक, मालक आणि विमा कंपनी. गाडी एसटीची असेल तर महामंडळ.

रक्कम कशी ठरते

इथे थोडं थांबू, कारण तडजोडीच्या टेबलावर हेच गणित कुटुंबाला येत नसतं. रक्कम कोर्टाच्या मर्जीवर नसते. २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या सुप्रीम कोर्टाच्या निकालांनी सूत्र घालून दिलं आहे.

समजा, हिंगण्यात राहणारा ३४ वर्षांचा टाइल्स बसवणारा कारागीर गेला. महिन्याची कमाई १८,००० रुपये. मागे पत्नी, दोन मुलं, आई. वर्षाचे झाले २,१६,०००. स्वतःचा धंदा करणारा आणि चाळिशीच्या आतला, म्हणून पुढे वाढली असती त्या कमाईचे ४० टक्के मिळवायचे: ३,०२,४००. त्यातून त्याचा स्वतःचा खर्च वजा. अवलंबित चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश, दोन-तीन असतील तर एक तृतीयांश, अविवाहित असेल तर साधारण निम्मा. इथे चौघे, म्हणून उरले २,२६,८००. याला वयाप्रमाणे गुणक: ३१ ते ३५ साठी १६. झाले ३६,२८,८००. यात सहवास गमावल्याबद्दल प्रत्येक जवळच्या नातेवाइकाला एक ठरीव रक्कम, मालमत्तेच्या हानीची आणि अंत्यविधीची आणखी एकेक. २०१७ मध्ये या ४०,०००, १५,००० आणि १५,००० होत्या आणि दर तीन वर्षांनी १० टक्के वाढतात. दोन वाढी धरून ४८,४००, १८,१५० आणि १८,१५०. चौघांचा सहवास धरून एकूण दावा ३८,५८,७०० वर जातो. वर व्याज, जे बहुधा अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून लागतं.

आता या घरी पाच लाखांचं पाकीट आलं होतं असं समजा, म्हणजे सही करू नका असं मी का म्हणते ते कळेल.

वय जास्त असेल तर गुणक उतरतो: ३६ ते ४० ला १५, ४६ ते ५० ला १३, ५६ ते ६० ला ९, पासष्टीपुढे ५. कायम नोकरी असेल आणि वय चाळिशीच्या आत, तर वाढ ४० ऐवजी ५० टक्के. एलआयसी, पीएफ, कुटुंब निवृत्तिवेतन यांचे मिळालेले पैसे भरपाईतून कापत नाहीत. घर सांभाळणारी बाई गेली असेल तर ‘ती कमवत नव्हती’ हे उत्तर कोर्टात चालत नाही; तिच्या कामाचं मोल धरून उत्पन्न ठरवायचं असतं.

मृताचीही थोडी चूक असेल, तर तेवढे टक्के रक्कम कमी होते, दावा बुडत नाही. मागे बसलेला माणूस गेला आणि चूक दोन्ही चालकांची असेल, तर दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण रक्कम मागता येते. पण स्वतःचीच गाडी स्वतःच्या चुकीने घसरली असेल तर कलम १६६ चा उपयोग नाही. तेव्हा पॉलिसी काढून बघा: मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याचं संरक्षण १५ लाखांचं असतं आणि लायसन्स वैध असेल तर ते मागता येतं. अनेक घरांत हे माहीतच नसतं.

कमाईचा पुरावा, म्हणजे खरी लढाई

वरच्या गणितात १८,००० च्या जागी १०,००० टाकून बघा. दावा साधारण साडेबावीस लाखांवर येतो. पगारदार माणसाचं सोपं असतं: पगारपत्रक, फॉर्म १६, बँक खातं, आणि ऑफिसमधून कुणीतरी साक्षीला. कळमन्यात हमाली करणारा, घरोघरी रंगकाम करणारा, चहाची टपरी चालवणारा माणूस गेला की घरचे म्हणतात, ‘ताई, आमच्याकडं काहीच लिहिलेलं नाही.’

बहुतेक वेळा असतं. एका कारागिराच्या पत्नीने आणलेल्या पिशवीत लाल पुठ्ठ्याची छोटी वही होती. मोजमापं, समोर ठेकेदाराचं नाव, ‘उचल ३०००’, ‘बाकी’. फोन चालू केला तर त्याच ठेकेदारांकडून आलेले यूपीआयचे पैसे त्याच तारखांना. वही आणि खातं जुळलं, एक ठेकेदार साक्षीला उभा राहिला आणि ‘उत्पन्नाचा पुरावा नाही’ हा आक्षेप तिथेच संपला. म्हणून फोन फॉरमॅट करू नका, विकू नका, सिम बंद पडू देऊ नका. बँकेतून मागच्या तीन वर्षांचा उतारा घ्या. बचत गटाच्या कर्जाचे हप्ते, गाडीचा ईएमआय, मुलांच्या फीच्या पावत्या, दुकानाचा परवाना, बांधकाम कामगार मंडळाचं कार्ड, हे सगळं लागतं. हप्ता भरणाऱ्याकडे कमाई होती हे सांगायला वेगळा साक्षीदार लागत नाही. काहीच निघालं नाही तर न्यायाधिकरण किमान वेतनाचा आधार घेऊन अंदाज बांधतं. दावा चालतो, पण रक्कम खाली येते.

मात्र कमाई फुगवू नका. गावच्या कुणाकडून ‘महिना ४०,०००’ असं प्रमाणपत्र आणलं आणि उलटतपासणीत फुटलं, की खऱ्या १८,००० वरही विश्वास राहत नाही.

वकील आणि फी

‘पैसे मिळाले की त्यातले इतके टक्के’ असा सौदा करायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. तरी असं सांगणारे भेटतात. कधी कधी मेडिकलच्या गेटवरच कुणी कार्ड देऊन जातो. फी ठरवून, लिहून घ्या. कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर किंवा बँकेच्या फॉर्मवर सही देऊ नका, आणि वकीलपत्र वाचून घ्या.

फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. म्हणजे पतीच्या मृत्यूचा दावा करणारी कुठलीही बाई यात बसते. १५१०० वर फोन करूनही विचारता येतं. मोफत वकील म्हणजे कामचलाऊ वकील, असं समजू नका. तारखांना जात राहा, विचारत राहा. नेमलेला वकील लक्ष देत नसेल तर बदलून मागता येतो.

कोर्टात काय होतं

अर्जानंतर समोरच्यांना नोटिसा जातात. त्यांचा लेखी जबाब येतो, मुद्दे ठरतात, तुमचं म्हणणं प्रतिज्ञापत्रावर घेतलं जातं आणि मग उलटतपासणी. मधल्या काळात विमा कंपनीचा तपासनीस घरी येऊ शकतो. त्याला चहा द्या, माहिती द्या, पण लिहिलेलं वाचल्याशिवाय सही देऊ नका आणि प्रत मागून घ्या.

उलटतपासणीची बायकांना सर्वांत भीती वाटते. प्रश्न साधे असतात पण टोचतात. ‘तुम्ही अपघात पाहिला का?’ पाहिला नसेल तर ‘नाही’ म्हणा, त्याने केस पडत नाही. त्यासाठी प्रत्यक्षदर्शी साक्षीदार आणि पोलिसांचे कागद असतात. ‘पती दारू प्यायचे, हे खरं आहे का?’ ‘तुम्ही आता माहेरी राहता ना?’ ‘घरखर्चाला किती द्यायचे?’ या शेवटच्या प्रश्नावर गडबड होते. तिला विचारलेलं असतं घरात किती देत होता, ती एकूण कमाईचा आकडा सांगते किंवा उलट. आदल्या दिवशी वकिलासोबत बसून आपलंच प्रतिज्ञापत्र एकदा मोठ्याने वाचून घ्या. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ हे पूर्ण उत्तर आहे. मराठीत प्रश्न विचारायला सांगायचाही तुम्हाला हक्क आहे.

गाडीचा विमा होता पण चालकाचं लायसन्स नव्हतं, असं निघालं तरी घाबरू नका. अशा प्रकरणांत अनेकदा कंपनीने आधी कुटुंबाला द्यावं आणि मग मालकाकडून वसूल करावं, असा आदेश होतो.

मध्येच राष्ट्रीय लोकअदालतीत तडजोडीचा प्रस्ताव येतो. वर्षानुवर्षांची वाट वाचत असेल तर थोडं कमी घेण्यात काही चूक नाही, पण आधी वरचं गणित स्वतः मांडा. लोकअदालतीतल्या निवाड्यावर अपील नाही. न्यायाधिकरणाच्या निकालावर मात्र ९० दिवसांत उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जाता येतं, रक्कम वाढवून मागायलाही.

पैसे थेट बँक खात्यात येतात. अल्पवयीन मुलांचा वाटा १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत मुदत ठेवीत राहतो. शिक्षणासाठी किंवा आजारपणासाठी लागले तर अर्ज करून काढता येतात. खातं दावेदाराच्या एकटीच्या नावावर असू द्या, दिराबरोबर किंवा भावाबरोबर जोडखातं नको.

गाडीच सापडली नाही तर

धडक देऊन पळालेल्या गाडीचा पत्ता लागला नाही, तर २ लाख रुपयांची सरकारी भरपाई आहे. त्यासाठी कोर्टात न जाता उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदाराकडे अर्ज करायचा असतो. पुढे गाडी सापडली तर कलम १६६ चा दावा करता येतो, त्यातून हे २ लाख वळते होतात. गाडी माहीत आहे पण चूक सिद्ध करणं अवघड आहे, तेव्हा कलम १६४ खाली चूक न दाखवता ५ लाख मागता येतात. मात्र ते घेतले की १६६ चा रस्ता बंद होतो, म्हणून हा निर्णय वकिलाशी बोलूनच घ्या.

रस्त्यातल्या खड्ड्याने किंवा उघड्या मॅनहोलने जीव गेला असेल, तर ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ६ लाख रुपये देण्याचा आणि त्यासाठी समित्या नेमण्याचा आदेश दिला आहे. चौकशी विधी सेवा प्राधिकरणातच करा.

रेल्वे, कारखाना, दवाखाना

चालत्या गाडीतून पडून प्रवासी गेला तर रेल्वे दावा न्यायाधिकरणात ८ लाखांचा दावा होतो. त्याचं खंडपीठ नागपुरात आहे, मुदत एक वर्ष. रेल्वेची चूक दाखवावी लागत नाही. तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलं आहे. कुठून कुठे निघाला होता हे प्रतिज्ञापत्रावर सांगा. रूळ ओलांडताना झालेला मृत्यू यात येत नाही.

बुटीबोरी किंवा हिंगणा एमआयडीसीत कामावर असताना मृत्यू झाला, तर मालकाची चूक न दाखवता भरपाई मिळते. ईएसआयचं (कामगार राज्य विम्याचं) कार्ड असेल तर अवलंबितांना दरमहा लाभ मिळतो. ठेकेदाराचा कामगार होता म्हणून कंपनी हात झटकू पाहील. हजेरी कार्ड, गेटपास आणि सोबतच्या कामगारांचे नंबर आधी हातात घ्या.

दवाखान्याच्या निष्काळजीपणाची शंका असेल तर पैसे घेऊन उपचार करणाऱ्या दवाखान्याविरुद्ध दोन वर्षांत ग्राहक आयोगात जाता येतं. सगळ्यांना मोफत उपचार देणाऱ्या दवाखान्याला तो कायदा लागत नाही, तिथे दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालय हे मार्ग राहतात. दोन्हीकडे दुसऱ्या डॉक्टरचं मत लागतं, आणि ते मिळायला संपूर्ण केस पेपर लागतात. लेखी अर्ज करून मागा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. मागितल्यापासून ७२ तासांत ते देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.